साहेबांसाठी मटणाची बिस्किटं

मोबाईलमधली बाई हसत हसत म्हणाली, "अगदी सोप्पं आहे." तेव्हाच मी ओळखलं की हे काम माझ्या गळ्यात पडणार. तिच्या ओट्यावर डाग नव्हता आणि नखं बोटाएवढी लांब होती. असल्या नखांनी कुणी खरंच मैदा मळतं का, हे तिलाच ठाऊक.

मोबाईल धरला होता माझ्या थोरल्या दिरांनी. पण माझ्यापुढं नाही, माझ्या नवऱ्यापुढं. आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. मी समोर भाजी निवडत बसलेली असले तरी ते नवऱ्याला म्हणायचे, "तिला म्हन, हे बघून घी." मग नवरा तोंड माझ्याकडं वळवून म्हणायचा, "दादा म्हनतेत, हे बघून घी." केजसारख्या तालुक्याच्या गावात, दारात चारचाकी उभी असताना, हा तमाशा रोज चालायचा आणि त्या दोघांपैकी कुणालाच त्याचं हसू यायचं नाही. मला यायचं, पण मला विचारतो कोण.

गोष्ट अशी होती की दिरांना पंचायत समितीचं तिकीट हवं होतं. ते द्यायचं ज्यांच्या हातात होतं त्या साहेबांच्या बंगल्यावर ते एका रविवारी जाऊन आले होते. तिथं त्यांना बशीत बिस्किटं दिली. वरून बिस्कीट, आत खिमा आणि चीज. साहेब म्हणाले, सूनबाई घरीच करतात. दिरांनी पाच खाल्ली, हे त्यांनीच येऊन अभिमानानं सांगितलं. आता साहेब आमच्या घरी यायचे होते, आणि दिरांच्या डोक्यात बसलं होतं की साहेबांपुढं तीच बिस्किटं ठेवायची. साहेबांना वाटलं पाहिजे की ह्या घरातही आपल्या घरासारखंच चालतं.

आपल्या घरासारखंच. मला तर हातातली भाजी खाली ठेवावी लागली.

कारण आमच्या घरात मटण शिजत नाही. म्हणजे घरातली माणसं खात नाहीत असं मुळीच नाही. पुरुष रानात जाऊन शिजवतात. तिथं तीन दगडांची चूल, मोठं पातेलं, सोबत चार कार्यकर्ते आणि ओठ पुसून परत. कारण काय, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देवघर आहे. पातेल्यात काही उरलं तर संध्याकाळी घरी यायचं. मग आम्ही दोघी जावा मागच्या ओट्यावर, धुण्याच्या दगडाजवळ बसून खायच्या, गोठ्यात ठेवलेल्या पोचे पडलेल्या जर्मलच्या ताटलीत. उरायचं तरी काय? हाडं आणि वर तवंग नसलेला रस्सा. बहुतेक वेळा तेही नाही. देवाला बाईनं खाल्लेलं मटण तेवढं दिसतं, पुरुषानं रानात खाल्लेलं दिसत नाही, असा ह्या घराचा हिशोब. मी लग्न होऊन युसूफ वडगावहून आले तेव्हापासून हा हिशोब ऐकते आहे आणि अजूनही कान किटले नाहीत, एवढंच आश्चर्य.

मला एक वेळ चालायचं. पण माझ्या जाऊबाईंना चालत नव्हतं. त्या वर्षी त्यांना चालताना चक्कर यायची. भाकरी थापता थापता चौकट धरून उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितलं आणि सांगितलं, रक्त नाही अंगात. कलेजी खा, अंडी खा, मटणाचा रस्सा प्या, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. दीर तिथंच उभे होते. बाहेर येऊन ते नवऱ्याला म्हणाले, "डाक्टरला काय, त्याच्या घरी देव न्हाईत." आणि त्यांनी जाऊबाईंसाठी बीट आणलं. पिशवीभर बीट. त्यानंतर जाऊबाई रोज बीट किसायच्या, खायच्या, आणि बोटं लाल करून घ्यायच्या. तेवढंच लाल त्यांच्या अंगावर दिसायचं.

दिरांचा राग यायचाच, पण खरं सांगते, जाऊबाईंचा जास्त यायचा. त्यांचं माहेर चौसाळ्याचं. तिथं त्यांच्या आईनं गॅसवर, घरात, मटण शिजवून मुलींना वाढलेलं. त्यांना चव माहीत होती, औषध माहीत होतं, नवरा काय आहे तेही माहीत होतं. तरी तोंड उघडायच्या नाहीत. मी म्हणायची, "बाई, तुमी कावून गप बसता? बोला की." त्या म्हणायच्या, "जाऊ दे गं. नशीब." त्यांच्या त्या "जाऊ दे"ला मला काठीनं झोडपावंसं वाटायचं.

म्हणून त्या दिवशी मी भाजीची परात बाजूला सारली आणि नवऱ्याकडं न बघता सरळ दिरांकडं बघून बोलले. "भाऊजी, बिस्किटं करते. पण रानात न्हाई होणार. मैदा, चीज, भाजणं, सगळं घरात, ओट्यावर. आणि एकदा ह्या ओट्यावर मटण शिजलं की मग शिजलं. बाईला डाक्टरनं सांगितलेलं त्यांना इथंच शिजवून देणार, आणि त्या घरातच बसून खाणार. शब्द द्या."

नवऱ्यानं मान खाली घातली. त्यांची ती मान अशा कामासाठीच बनवलेली आहे. दिरांना एवढं थेट बोलणं झेपत नव्हतं, पण तिकीटही सोडवत नव्हतं. जाऊबाई दारात उभ्या होत्या. दीर थोडा वेळ मोबाईलच्या काचेवर अंगठा घासत बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले.

"बरं. दिला शब्द. पण बिस्किटं साहेबांच्या घरच्यासारखीच झाली पायजेत."

वार ठरवताना त्यांनी स्वतःचा शनिवार टाळला, कारण ते मारुतीचा शनिवार पाळतात. सोमवार टाळला, कारण सोमवारी घरातलं कुणीच खात नाही. एकादशी नाही ना, हे कॅलेंडरवर बघितलं. गुरुवार मोकळा सापडला. साहेबांच्या माणसालाही तो सोयीचा होता. आमच्या भागात वार बघितल्याशिवाय मटणाचं बोलणंच होत नाही. दिरांनी सगळे वार बघितले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

भाजायचं कसं, हा पहिला घोळ. आमच्या घरी ओव्हन नाही. दिवाळीला आम्ही मैदा, डालडा, साखर घेऊन बेकरीत जातो, डबे घेऊन नंबर लावतो आणि भट्टीतून आपापली बिस्किटं भाजून आणतो. सगळं गाव तसंच करतं. मी म्हटलं, तिथंच चार पत्रे भाजून घेऊ. नवऱ्याला पाठवलं. बेकरीवाल्यानं विचारलं, आत काय भरणार? ह्यांनी खरं सांगितलं, हाच एक गुण त्यांच्यात आहे. बेकरीवाल्यानं हात जोडले. "भाऊ, माझ्या भट्टीत गावाची दिवाळी भाजती. मटणाचा पत्रा आत गेला म्हणून कळलं, तर उद्या माझ्याकडं कुणाचा डबा येईल?" ह्या सगळ्या प्रकरणात एवढाच एक माणूस शहाण्यासारखा बोलला.

मग मी मोठ्या पातेल्यात तळाला जाडं मीठ पसरलं, वर तिवई ठेवली, जड झाकण घातलं आणि गॅसवर तापत ठेवलं. मोबाईलमधल्या बाईला असलं काही सांगायची गरज नव्हती. तिच्या भिंतीतच ओव्हन बसवलेला होता.

मटण दिरांनी स्वतः आणलं. काळ्या पिशवीत, ती कापडी पिशवीत, ती गाडीच्या डिकीत. गल्लीतून येताना हॉर्नसुद्धा वाजवला नाही. जिल्हाभर पोस्टर लावून तोंड दाखवणारा माणूस स्वतःच्या दारात चोरासारखा शिरला. जाऊबाईंनी आधी देवघराचा पडदा ओढला, वरून स्वतःची धुतलेली साडी टाकली आणि हात जोडले. मी म्हटलं, "बाई, देवाला वास बी येतो की." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कांदा चिरायला बसल्या.

खिमा मी घरीच बारीक केला. कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, आमचा काळा मसाला, आणि पाणी एक थेंब नाही. तो कोरडा होईस्तोवर परतला आणि पसरून गार केला. ही गोष्ट त्या बाईनं सांगितलीच नव्हती. खिमा गरम किंवा ओला राहिला तर पारी ओली होते आणि खालून फाटते. पहिली दोन फाटली तेव्हा मला कळलं. मैद्यात थंड बटर चोळलं, चिमूट मीठ, बेकिंग पावडर, दही घालून गोळा केला. मळायचा नाही, नुसता गोळा करायचा. चीज एसटी स्टँडजवळच्या आईस्क्रीमच्या दुकानातून आलं, चांदीच्या कागदातल्या वड्या. मी एक चाखून बघितली. खारट रबर. ह्याच्यासाठी लोक पैसे मोजतात आणि घरचं लोणी विकतात.

पोळी लाटली, वाटीच्या काठानं चकत्या पाडल्या, एकीवर खिमा, त्यावर किसलेलं चीज, वरून दुसरी. मोबाईलमधली बाई काट्या-चमच्यानं कडा दाबत होती. जाऊबाईंनी ते बघितलं आणि काटा बाजूला ठेवला. त्यांनी बोटांनी मुरड घातली, करंजीला घालतात तशी. मला हसू आलं. एवढा गाजावाजा कशाचा, तर तळायची विसरलेल्या करंजीचा.

पहिला घाणा खाली करपला आणि वर कच्चा. दुसऱ्याला मी मध्येच उलटलं. तिसरा मात्र चांगला झाला. वरून खुसखुशीत, आत चीज वितळलेलं, आणि काळ्या मसाल्याचा वास सगळ्या घरात. कबूल करते, वास चांगला होता. दीर धावत आले आणि म्हणाले, "खिडक्या लावा. उदबत्ती लावा." साहेबांना खाऊ घालायचं होतं, पण शेजाऱ्यांना कळू द्यायचं नव्हतं. मी उदबत्ती लावली. मटण आणि मोगरा, असला वास मी पुन्हा कधी घेतला नाही.

जाऊबाईंनी एकही चाखलं नाही. "आधी पाव्हण्याला," त्या म्हणाल्या. चौकट धरून उभ्या होत्या.

साहेब आले. गाड्या, फोटो, हार, दिरांचा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. ते वर्णन मी करत नाही, सगळ्यांनी बघितलेलं असतं. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या पडद्याआड. दिरांनी बशी स्वतः नेली आणि साहेबांपुढं ठेवली, आरती ओवाळावी तशी.

"तुमच्या सूनबाई करतात तसलीच, साहेब. घरात केलीत. खास तुमच्यासाठी."

साहेबांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. "अरेरे. आज गुरुवार. मी गुरुवारी नाही खात. दत्ताचा वार."

दिरांनी स्वतःचा शनिवार बघितला होता, घरचा सोमवार बघितला होता, एकादशी बघितली होती. साहेबांचा वार कोणता, हे विचारायचं ह्या शहाण्याला सुचलं नव्हतं. ज्या माणसाच्या मागं वर्षभर फिरला, त्याचा वार ठाऊक नाही. मी पडद्याआड तोंडावर पदर धरला. मला वाटलं, आता शेपूट घालतील, माफी मागतील.

दिरांचा चेहरासुद्धा हलला नाही.

"मला ठाऊक न्हाई का साहेब तुमचा गुरुवार? म्हणूनच तर बटाटा घातलाय. बटाटा आन् चीज. घ्या निर्धास्त."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं. हा माणूस, ज्यानं देवाच्या नावावर स्वतःच्या बायकोच्या तोंडचं औषध काढून घेतलं होतं, तो आता एका वार पाळणाऱ्या माणसाच्या तोंडात मटण घालायला निघाला होता. त्यांचा देव कुठं गेला होता कोण जाणे. नवरा बाजूलाच बसला होता, त्याला ठाऊक होतं, आणि तो छताच्या पंख्याकडं बघत होता. आणि मी? मी काही बोलले नाही. मला बघायचं होतं हा माणूस किती खाली जातो.

साहेब हसले. "वा. लक्ष आहे तुमचं." त्यांनी एक उचललं.

माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. जाऊबाई पडदा सारून बाहेर गेल्या होत्या. हातात पाण्याचा ट्रे, डोक्यावर पदर, पाय जरा लटपटत. आमच्या बायका बैठकीत पाणी ठेवून मागं फिरतात, बोलत नाहीत. त्यांनी ट्रे ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"साहेब, तोंडात घालू नका. मटण हाय त्यात."

दीर हसायला लागले. ते हसणं आठवलं की अजून किळस येते. "हिला काय ठाऊक, साहेब. ही आत कामात..."

"मी सवता भरलंय," जाऊबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "कडा बी मीच दाबल्यात. वार मोडू नका."

साहेबांनी बिस्कीट बशीत ठेवलं, बोटं रुमालानं पुसली आणि जाऊबाईंना हात जोडले. "बरं झालं वहिनी, सांगितलंत." दिरांकडं त्यांनी बघितलंच नाही. चहा अर्धा पिऊन ते उठले. पुढं तिकीट दुसऱ्याला मिळालं. माझ्या मते ते आधीच ठरलेलं होतं, पण दीर आजही म्हणतात की बायकोनं घालवलं.

गाड्या गेल्या तसे दीर आत आले. पांढऱ्या सदऱ्यावर चहाचा डाग पडला होता. "खलास केलंस मला," ते जाऊबाईंना म्हणाले. मग नवऱ्याकडं तोंड करून, म्हणजे मला, म्हणाले, "सगळं फेकून दे म्हनावं. वटा धू म्हनावं, गोमूत्र शिंपड. ह्या घरात परत मटण शिजलं न्हाई पायजे. देवानंच दाखवलं आज."

म्हणजे शब्द गेला. मला तेच वाटलं. आज रात्रीपासून पुन्हा बीट. मी रागारागानं पातेल्यातलं गरम मीठ काढायला लागले.

जाऊबाई बैठकीतून बशी घेऊन आल्या, साहेबांनी बिस्कीट परत ठेवलेली तीच. देवघरासमोर भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या आणि एक बिस्कीट तोंडात घातलं. सावकाश चावलं. चक्कर येणारी बाई इतक्या शांतपणे चावताना मी पहिल्यांदा बघितली.

"अगं, घरात?" दीर म्हणाले.

"घरातच. तुमी शब्द दिलाय, सगळ्यांम्होरं." त्यांनी घास गिळला. "त्या साहेबाला खोटं खाऊ दिलं न्हाई मी. आता तुमाला बी खोटं पडू देत न्हाई."

दिरांनी गल्लीकडं बघितलं आणि झटकन पुढं होऊन दार लावून घेतलं, कुणी बघू नये म्हणून.

जाऊबाई उठल्या. भिंत धरत दारापर्यंत गेल्या, दार सताड उघडलं आणि बशी घेऊन तिथंच आतल्या बाजूला बसल्या. समोरची शेजारीण नळावरून हंडा घेऊन चालली होती. ती थांबली.

"काय खायलाव बाई?"

"मटणाचं बिस्कीट," जाऊबाई म्हणाल्या. "या."